पायाशी समुद्र

उधना, सुरत
दिनांक १८ मे १९९७

चि. सुकदेवराव यांस विठ्ठल धोंडू बोरसे याचे मनःपूर्वक आशीर्वाद.

तुमची, सौ. मंदाची आणि मुलांची प्रकृती ठीक असेल, असे गृहीत धरतो. तुमच्या भगिनी सौ. मालतीबाई पापड करण्याच्या निमित्ताने अमळनेरास येऊन महिना लोटला. एव्हाना पापड वाळले असावेत, कारण सगळ्या तालुक्याचे पापड काही तुमच्याच गच्चीवर होत नाहीत. तथापि त्यांनी परतण्याची घाई करावी, असे माझे मुळीच म्हणणे नाही. त्यांच्यावाचून इथे सारे सुरळीत आहे. (काल चहात साखरेऐवजी माशांचे मीठ पडले, पण पांढऱ्या वस्तू एकमेकींसारख्या दिसतात, त्याला घराचा काय दोष?) त्या घर सोडून का आल्या, हे त्यांनी तुम्हांस सांगितलेच असेल. परंतु त्यांच्या कथनात शेवट आधी येतो आणि सुरुवात दुसऱ्या दिवशी आठवते, म्हणून तोच वृत्तान्त मी क्रमाने लिहितो.

चि. ललित हजिऱ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, हे तुम्ही जाणताच. तेथील एका ठेकेदाराच्या बंगल्यात त्याने जमिनीत बांधलेले, वर जाड काच बसवलेले खाऱ्या पाण्याचे मत्स्यकुंड पाहिले (ललित त्यास 'टँक' म्हणतो, माझ्यादेखत म्हणत नाही) आणि तसेच आपल्या बैठकीच्या खोलीत असावे, असे ठरले. कोणी ठरवले, हा मुद्दा गौण आहे. किसन मिस्त्रीने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फरशी उखडून कमरेइतका खड्डा खणला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तो तळाशी घोटाभर पाणी! किसन म्हणाला, "मास्तर, तुमचा समुद्र तर आपल्या पायांनी आला." ते जमिनीतले पाणी उपसून, सिमेंटवर सिमेंट लिंपून खड्डा कोरडा ठेवण्यात बराच काळ गेला, आणि मग तोच खड्डा पाण्याने भरण्याच्या उद्योगास आम्ही लागलो. ललितने डुमसच्या किनाऱ्यावरून टेम्पोने पिंपे भरून आणली. डुमसचे पाणी आणि आपल्याकडचा चहा यांत रंगाचा भेद नाही. त्यात मासे सोडले असते, तर ते आहेत हे केवळ श्रद्धेने मानावे लागले असते. अखेर मुंबईहून खास मीठ मागवून ते नळाच्या पाण्यात कालवले. खारटपणा मोजण्याचे एक उपकरणही आले होते, परंतु त्याचे व माझ्या जिभेचे मतभेद झाल्यामुळे मी रोज बोट बुडवून चव पाहतो. तेव्हापासून मला प्रत्येक भाजी अळणी लागते, अशी सूनबाई जयश्रीची तक्रार आहे.

मासे सोडून वर काच बसवली, आणि तिच्या मजबुतीची परीक्षा शेजारच्या इंदुबाईंनी घेतली. (त्या देहाने भारदस्त आहेत; त्यांना हे सुचवावे कसे, या विवंचनेत आम्ही असता त्या आपण होऊनच काचेच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.) "आते नाचू का, मास्तर?" असे त्यांनी विचारले. काच टिकली. परंतु त्याच क्षणी एक नारिंगी मासा त्यांच्या बरोबर तळपायाखाली आला, आणि इंदुबाई चटका बसावा तशा बाजूला सरल्या, वाकल्या, काचेला हात लावून तो त्यांनी कपाळी टेकवला. आपल्या माणसांचे तुम्ही जाणता. धान्याला, पुस्तकाला, झोपलेल्या लेकराला पाय लागला, तरी हात आपोआप खाली जातो. इथे तर पायाखाली जिवंत जीव, तोही देवाचा पहिला अवतार. तेव्हापासून जो येतो तो एक पाऊल टाकतो व एक नमस्कार करतो. जयश्री शिकलेली आहे, पण चहाचा ट्रे हाती असतानाही वाकते. त्यामुळे पाहुण्यांस बशीतलाच चहा अधिक मिळतो. ललितचे साहेब आले, ते "एना पर पग न मुकाय" (यावर पाय ठेवू नये) म्हणत उंबऱ्यातच थांबले आणि उभ्यानेच चहा पिऊन गेले.

मालतीबाई तर पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "देवना आंगवर पाय कसा ठेवू मी?" (वाक्य मूळ रूपात देत आहे. चाळीस वर्षे त्यांची वाक्ये सुधारली. हल्ली सुधारण्यास काही मिळत नाही.) मी शांतपणे समजावले, की पाय माशावर पडत नसून काचेवर पडतो. त्यावर त्या म्हणाल्या, "तुमना फोटोवर बी काच शे. ठेवू का पाय?" तो फोटो मी एक खिळा वर टांगला. निवृत्त शिक्षकास हा अनुभव नवा होता.

पुढे त्यांनी स्वयंपाकघराच्या मागील दाराने बाहेर पडून, सगळ्या गल्लीला वळसा घालून पुढच्या दाराने बैठकीत यावयाचा क्रम धरला. मासे त्यांना आवडत नव्हते असे नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून त्या तासन्‌तास पाहत. पट्टेवाल्या एका माशाचे नाव त्यांनी 'मास्तर' ठेवले होते. (तो स्वतः काही न करता इतरांच्या मागे फिरतो म्हणून, असा खुलासा जयश्रीने न विचारता केला.) परंतु त्यांचे गुडघे तुम्हांस ठाऊक आहेत. एके दिवशी वळसा पुरता होईना. अर्ध्या वाटेत त्या इंदुबाईंच्या पायरीवर बसून राहिल्या. ज्या घरात आत जायला गावाला फेरा मारावा लागतो, त्यापेक्षा माहेर जवळ, असे म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी अमळनेरची गाडी धरली. वृत्तान्त इतकाच.

उन्हात हिंडू नये, आंबे बेताने खावेत. सौ. मंदास आशीर्वाद.

तुमचे दाजी,
विठ्ठल धोंडू बोरसे

ता. क. – 'कोणी ठरवले, हा मुद्दा गौण आहे' असे वर लिहिले आहे, ते अचूक नाही. मी ठरवले. ललित भिंतीजवळ टेबलावर काचेची पेटी ठेवू म्हणत होता. तुमच्या भगिनी लग्न होऊन सुरतेस आल्या, तेव्हापासून त्यांना समुद्र पाहायचा होता. डुमसला नेले, त्या दिवशी नेमकी ओहोटी होती. त्यांनी चिखल पाहिला आणि "बरा आहे" म्हणाल्या. आता तर गुडघे वाळूत चालू देत नाहीत. म्हणून तो घरी आणावा असे मनात आले. आणि समुद्र माणसाच्या पायाशी असतो, टेबलावर नसतो, असा आग्रह मीच धरला. या वयात बायकोसाठी समुद्र आणला, असे गल्लीत म्हणवून घेणे प्रशस्त वाटेना, म्हणून ललितचे नाव पुढे केले.

ता. क. २ – कुंड एका बाजूने बुजवून वाट मोकळी करावी, काच काढावी आणि भोवती बसण्याजोगा कठडा बांधावा, असे किसनशी ठरले आहे. म्हणजे कोणाचा पाय माशांवरून जाणार नाही. मात्र कठड्याची उंची मालतीबाईंच्या गुडघ्यांवरून ठरवायची आहे, आणि हे माप टपालाने येत नाही. तरी त्यांना पॅसेंजर गाडीत बसवून द्यावे. उधन्याला उतरवून घेण्यास मी हजर राहीन.

ता. क. ३ – हे पत्र त्यांना वाचून दाखवू नये. त्या दाराआड उभ्या असतील, तर वरचे दोन ता. क. जरा मोठ्याने वाचावेत.

ता. क. ४ – पाकिटासाठी डिंक आणावयास आत्ता काचेवरून गेलो. खाली 'मास्तर' होता. घरात कोणी नव्हते. मी वाकून नमस्कार केला. उठताना माझेही गुडघे वाजले, त्यामुळे कठडा दोघांना बसता येईल असा रुंद ठेव, असे किसनला सांगणार आहे.