लहानपणापासूनच असा

मंगळवार, आळंद

अण्णाला, माझ्या भावाला, हे कोणत्या तोंडाने सांगू? फौजेने त्याला मानसिक आजार म्हणून घरी पाठवलं आणि आजार भरतीआधीचाच ठरवून पेन्शन नाकारली. पुरावा काय, तर घरून गेलेलं पत्र. ते मीच लिहिलं होतं. तो फौजेच्या दवाखान्यात होता तेव्हा अप्पा, आमचे वडील, म्हणाले होते, “लिही, ल्हानपणापासूनच असा हाय. लवकर सोडतेत.” घरात इंग्रजी येणारी मी एकटीच.

खोटं होतं. उधळलेला बैल एकट्याने आवरणारा अण्णा!

आज फेरविचाराचा अर्ज भरताना त्याने विचारलं, “सुमे, मी ल्हानपणापासूनच असा होतो का गं? मला कामून आठवंना?”

मी अर्ज माझ्याकडे ओढला. पत्र खोटं आहे, ते मी लिहिलं, असं सहीनिशी लिहून अर्जाला जोडलं आणि पाचच्या आत पोस्टात रजिस्टर करून आले.