पेशी वाढल्या, पपई तोडली

कुंभिवली, ता. खालापूर
रविवार सकाळ (नंदा चक्कीवर गेली आहे तेवढ्यात)

मित्रवर्य रोहिदास यास मालोजीचा रामराम.

शेलूच्या नव्या घरात तू आणि वहिनी सुखात आहात, लिफ्ट चालू आहे आणि नळाला पाणी येतंय असं धरून चालतो. तुझा गुडघा कसा आहे? माझ्या तब्येतीचं गावात कोणालाही विचार, माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहे. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर मला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं बायकोच्या हक्काने नंदाच देते.

गेल्या वर्षी माझ्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन स्टेंट बसवले, ते तुला ठाऊक आहेच. वर्ष झालं म्हणून तपासणीला खोपोलीत तुझ्या आरोहीच्या दवाखान्यात गेलो. (जिला मी सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडलं, ती आता मला 'काका, गोळ्या वेळेवर खाता ना?' म्हणून दटावते. बरं वाटतं.) रक्ताचा रिपोर्ट पोरीने दोनदा वाचला. मग तिने समजावलं, की पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल नावाच्या असतात, त्या मारामारीला आधी धावतात, आणि लिम्फोसाइट नावाच्या असतात, त्या जरा विचार करून वागतात. पहिल्यांना दुसऱ्यांनी भागायचं. उत्तर तीनच्या आत आलं तर ठीक. स्टेंटवाल्या माणसाचा हा आकडा कायम चढा राहिला, तर पुढच्या काही वर्षांत हृदयाचा त्रास उलटण्याची शक्यता जास्त, असं अभ्यासात दिसलंय म्हणे. माझा आला सात. चौथीत गणितात सात मिळाले तेव्हा बापाने बदडलं होतं, तेव्हापासून हा आकडा मला लाभत नाही. "एका रिपोर्टवर काही ठरत नाही काका," आरोही म्हणाली. "कुठे जखम, दुखरी दाढ, गळू, ताप असला तरी आकडा चढतो. तसं काही आहे का?" मी छातीवर हात ठेवून नाही म्हणालो. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त द्यायचं ठरलं.

घरी येऊन नंदाला एवढंच म्हणालो, की पेशी वाढल्यात. तिथेच चुकलो. डेंग्यूची साथ येऊन गेल्यापासून आपल्या गावात जो तो पेशींचा जाणकार आहे. पेशी कमी झाल्या की पपईच्या पानांचा रस आणि शेळीचं दूध, हे शेंबडं पोरही सांगेल. पण वाढल्या तर काय, असा पेच गावावर कधी पडला नव्हता. चक्कीवर दळण बाजूला ठेवून चर्चा झाली आणि निकाल लागला, की मग उलटं करायचं. पपई बंद. खाणं तर सोडच, तिचा वाराही अंगाला लागता कामा नये. दुपारी मी जरा आडवा झालो तेवढ्यात अंगणातली पपई बुंध्यापासून तोडली (फळांनी लगडली होती रे!). शेळी टेंपोत घालून नंदाच्या माहेरी पाठवली. ती जाताना माझ्याकडे अशी बघत होती, जसं काही मीच तिच्या पेशी चोरल्यात.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. बिस्किटांचे पुडे, शहाळी, अंडी. येतात, माझ्याकडे बघून च्च करतात, नंदाला पडवीत नेऊन कुजबुजतात आणि जाताना मला मोठ्याने सांगतात, की तुला काही झालेलं नाही. क्रिकेट मंडळाचा अध्यक्ष हर्षद तर माझा चांगलासा फोटो मागून गेला. कशाला रे, विचारलं, तर म्हणतो, "असूंदे काका, मंडळात लागतो." त्या रात्री जेवण गेलं नाही. मस्करी राहू दे, पण भीती वाटली मला. खरीच वाटली.

आणि चौथ्या दिवशी कोण यावं? येसाजी! माझा सख्खा धाकटा भाऊ, भिंतीला भिंत लागून घर, आणि नऊ वर्षं अबोला. कारण तुला आठवत असेल. चाळिशीपुढच्यांच्या सामन्यांत त्याने फायनलला झेल सोडला आणि मी लाऊडस्पीकरवरून म्हणालो, की याच्या लग्नात हार दोऱ्याने हाताला बांधून दिला होता, नाहीतर तोही खाली पडला असता. सगळं मैदान हसलं, त्याची बायकोही हसली. तो काही हसला नाही. तोच येसाजी आता रोज संध्याकाळी येऊन तासभर बसतो. फार बोलत नाही. "कसं वाटतंय दादा?" एवढंच. रोहिदास, ते 'दादा' ऐकायला मी नऊ वर्षं भिंतीला कान लावून होतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मालोजी

ता. क. : मुख्य काम राहिलं. मला गळू झालंय. बैठकीच्या जागी. तपासणीच्या आधीपासून आहे. पण गावच्या लेकीला ते कसं सांगणार आणि कसं दाखवणार? नंदाला सांगितलं तर चक्कीवर जाईल. तू बाप आहेस, तू आरोहीला सांग.

ता. क. दुसरा : पण लगेच नको. आठ दिवस थांब. आकडा उतरला की येसाजीचं येणं बंद होईल.

ता. क. तिसरा : घात झाला. पाकीट टपालात टाकायला येसाजीकडेच दिलं होतं, डिंक लावायचा राहिला. त्याने इथे बसूनच सगळं वाचलं. म्हणतो, "गळवाचं मला पयल्या दिवशीच कळलं हुतं. तू बसतोस कसा, त्ये दिसतंय ना रं दादा." मी विचारलं, मग रोज आलास कशाला? तर खाली बघत म्हणाला, "यायला कायतरी कारण लागतंय ना. नऊ वरसं गावतच नव्हतं."

तेव्हा तू कोणालाही काही सांगू नकोस. उद्या तोच मला आरोहीकडे घेऊन जातोय. सगळं तो बोलणार, मी फक्त पाठमोरा उभा राहणार.