आंबिलीतलं मीठ

२५ डिसेंबर, बुधवार
कृष्णराज येळवसच्या रानातल्या पूजेला येतोय! कडूबाईंचा मुलगा, पुण्याचा. सकाळी फोन आला आणि अंगणातल्या चहाची चवच गेली. मागच्या वेळी तो स्पष्ट बोलून गेला होता — "आई विसरायला लागलीय. आता परत काही दिसलं तर मी घेऊनच जाणार."

घेऊन जाणार म्हणे! येरमाळ्याबाहेर आम्ही चार म्हाताऱ्यांनी मिळून ही जागा केली. निजायला घरं चार, पण अंगण एक आणि स्वयंपाकघर एक. त्या स्वयंपाकघरात कडूबाईंचा हात नसेल तर आम्ही तिघं काय एकमेकांची तोंडं बघत बसायचं? मला तर त्यांच्या हाकेशिवाय सकाळ झाली असं वाटतच नाही.

प्रतीक्षाला फोनवर सांगितलं. माझीच लेक, पण बोलली काय — "आई, विसरायला लागल्यावर माणसानं मुलांजवळच राहावं." मी फोन ठेवून दिला.

२६ डिसेंबर
जेवणानंतर बैठक घेतली. मीच घेतली, शाळेतली सवय! कडूबाई अंथरुणाला टेकल्यावर शांताक्का आणि बब्रुवानभाऊंना बसवलं आणि ठरवून टाकलं — कृष्णराज जाईपर्यंत कडूबाईंवर नजर ठेवायची. काही चुकलं की गुपचूप सावरायचं. त्यांना कळता कामा नये.

बब्रुवानभाऊ (एसटीचे ड्रायव्हर होते, अजून बोलायच्या आधी हॉर्नसारखं खाकरतात) म्हणाले, "बाई, सावरून घ्यायचं आमाला लई जमतंय. काळजी करू नगा."

शांताक्का पदर तोंडाला लावून हसली. यात हसण्यासारखं काय होतं?

२७ डिसेंबर
कडूबाई दुपारभर चष्मा शोधत होत्या. निघाला माझ्या डोळ्यांवर! माझ्या खिडकीत विसरल्या असणार. कठीण आहे बाई.

२९ डिसेंबर, रविवार
उद्या येळवस. आंबिलीचा मान थोरल्या बाईचा, म्हणजे कडूबाईंचाच. ज्वारीचं पीठ भिजवलं, शिजवलं, ताक ओतलं, लसूण ठेचून घातला. मी दारात ठाण मांडून. मीठ काही घातलेलं दिसलं नाही! त्या हात धुवायला उठल्या तशी मी मूठभर टाकून मोकळी झाले. जीव भांड्यात पडला.

शांताक्का म्हणाली, "बाई, सारखं आत-बाहेर करू नगा, दमताल." हिला काय माहीत, किती जोखमीचं काम आहे!

३० डिसेंबर, येळवस
बब्रुवानभाऊंचं रान घरामागंच. कडब्याची खोप, शेंगा-पाल्याची भज्जी, बाजरीचे उंडे — सगळं झकास. कृष्णराज सकाळीच आला होता. पूजा झाली, आंबिलीचा पहिला पेला त्याच्या हातात दिला आणि त्याचं तोंडच वाकडं झालं.

"खारट ढाण! आई, मीठ किती वेळा घातलंस?"

कडूबाईंनी पेला घेऊन चव बघितली. मग मीच पुढं झाले — "मी घातलं रे. त्यांनी घातलेलं मला दिसलं नाही."

तेवढ्यात शांताक्का — "म्या बी घातलं की!" आणि बब्रुवानभाऊ, ज्यांना मिठाचा डबा कुठं असतो तेही ठाऊक नाही, खाकरून म्हणाले, "आन म्या बी!"

कृष्णराज एकेकाकडं बघत राहिला आणि मग खो-खो हसला. आम्हीही हसलो. काय येडी माणसं आम्ही! ताक वाढवून वाढवून प्यालो ती आंबील.

जाताना म्हणाला, "राहू दे आईला इथंच. एवढी माणसं मागं असल्यावर मी कशाला भिऊ?" कडूबाईंना मिठीच मारली मी. या वयात, भर रानात!

३१ डिसेंबर
सकाळी कडूबाईंनी चुलीपाशी बोलावलं. माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या — "शांताक्कानं मीठ घातलं न्हाय, बब्रुवाननं बी न्हाय. म्या एकदा घातलं. तुमी तीनदा घातलं, बाई. शेवटच्या बारीला म्या समोरच व्हते."

मला एकच मूठ आठवते.

"रडू नगा," म्हणाल्या. "प्रतीक्षाला आमी कुनी काय सांगणार न्हाय."