बॉस्टनला पुरलेले माझे नाव

मी, विनिफ्रेड मनेली, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, धंदा शिवणकाम, राहणार कारोगॅरिव, बेलमलेटजवळ, काउंटी मेयो, खालील मजकूर राजीखुशीने लिहून ठेवते.

माझे गुडघे गेले आहेत, डोके गेलेले नाही. तसा दाखला डॉक्टर लॅव्हेल यांनी मंगळवारी घरी येऊन दिला. हल्ली पंतप्रधान कोण, असे त्यांनी विचारले. मी नाव सांगितले आणि त्या माणसाबद्दलचे माझे मतही सांगितले. मत त्यांनी दाखल्यात घातले नाही, पण हसले, म्हणजे पटले असावे.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात माझे सर्व काही बहिणीचा मुलगा डेस्मंड हॅलोरन, राहणार बॉस्टन, याच्या नावे होते. ते रद्द समजावे. मृत्युपत्रात कारणे लिहायची रीत नाही, असे वकील टूमी यांचे म्हणणे पडले. टूमींची फी मी भरणार आहे, तेव्हा कारणे येतील.

कलम १. माझ्या नावाबद्दल.

मी विनिफ्रेडच आहे, हे कागदावर आणणे भाग आहे. कारण बॉस्टनच्या दफनभूमीत माझ्या नावाखाली, माझ्या जन्मतारखेसह, फेब्रुवारी १९८६ पासून एक बाई पुरलेली आहे. ती माझी धाकटी बहीण सबायना. एवढ्यावर भागले नाही. पुढच्याच वर्षी डेस्मंडने आमच्या चर्चच्या आवारात, माझ्या आईबापाच्या दगडावर, सोनेरी अक्षरांत कोरून घेतले की त्यांची लाडकी मुलगी विनिफ्रेड बॉस्टन येथे निवर्तली. दर रविवारी मी काठी टेकत त्या दगडावरून जाते. दुकानदार पॅडन तर न चुकता म्हणतो, "विनी, मेल्यापासून तब्येत सुधारली हं तुझी." तीन वर्षे तोच विनोद. पॅडनच्या दुकानात मालही असाच जुना असतो.

कलम २. हे कसे घडले.

१९२९ साली मी अठरा वर्षांची होते. आईची बहीण ऑनर बॉस्टनला होती. तिने आम्हा दोघींपैकी कोणालाच कधी पाहिले नव्हते. तिने माझ्या नावाने बोटीचे तिकीट पाठवले, कारण मी थोरली आणि मला शिवण येत होते. जन्माचा दाखला, फोटो, डॉक्टरी तपासणी, अमेरिकन साहेबाचा शिक्का, सगळे माझे मी डब्लिनला जाऊन करून आले. बोट सुटायला आठ दिवस राहिले आणि मला घटसर्प झाला.

तिकीट फुकट जाऊ द्यायचे नाही, असे आईने ठरवले. माझा कोट तिने सबायनाला घातला, फोटोत होते तसे केस विंचरले, आणि म्हणाली, "साहेबांना आपण सगळ्या सारख्याच दिसतो." आईचा जगाचा अनुभव थोडा होता, पण हे तिचे खरे ठरले.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी रीतीप्रमाणे सगळी वाडी जमली. अमेरिकेला जाणारे माणूस परत दिसत नसे, म्हणून आमच्याकडे त्याच्यासाठी जिवंतपणीच रडून घेत. सबायनाला सवय व्हावी म्हणून आईने सगळ्यांना बजावले होते की आजपासून हिला विनी म्हणायचे. लोक "विनी गं विनी" करून तिच्या गळ्यात पडत होते आणि मी पलीकडच्या खोलीत घसा सुजून पडले होते. आत यायला सबायनाला मनाई होती. दाराआडून ती म्हणाली, "पोचले की पैसे जमवते आणि तुला बोलावून घेते. नक्की." माझ्या घशातून आवाज फुटत नव्हता, म्हणून माझी संमती धरण्यात आली.

तिने बोलावले नाही. त्याच वर्षी तिकडचा धंदा बसला, हे मान्य. पण पुढे उठला, तेव्हाही बोलावले नाही. ऑनर मावशी पत्रे वाचायची, म्हणून पत्राखाली सही विनिफ्रेड अशी असे. तिच्या डॉलरांनी आईच्या घरावर पाटीच्या दगडाचे छप्पर आले, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आई ते मान वर करून दाखवी. त्या छपराखाली आईचे अंग कोण पुसते, ते दाखवण्यासारखे नव्हते.

कलम ३. मथायस रुएनची पत्रे.

ही एकोणीस आहेत. ती माझ्याबरोबर पेटीत ठेवावीत. कोणी वाचू नयेत, पॅडनच्या बायकोने तर नयेतच.

लढाईच्या काळात मी बर्मिंगहॅमला बसमध्ये तिकिटे फाडत होते. तिथल्या घरमालकिणींना आयरिश भाडेकरू नको असत. त्यांची तिकिटे आयरिश हाताने फाडलेली मात्र चालत, कारण त्यांची पोरे लढाईवर होती. मथायस आमच्या पलीकडच्या वाडीचा, विमानांच्या धावपट्ट्या बांधायच्या कामावर. कमी बोलणारा माणूस. आम्ही दर रविवारी बरोबर चालत जात असू, आणि एका रविवारी त्याने माझी पिशवी घेतली ती परत दिलीच नाही. एवढीच आमची मागणी झाली.

१९४६ साली आईला अर्धांगवायू झाला म्हणून मी परतले. मथायस भावाकडे बॉस्टनला गेला आणि ये म्हणून लिहू लागला. पुढच्या वसंतात आई गेली. मी एक कालवड विकली आणि डब्लिनच्या त्याच अमेरिकन कचेरीत अर्ज घेऊन उभी राहिले. खिडकीतला तरुण फार सभ्य होता. खण उघडून त्याने एक कार्ड काढले, वाचले, पुन्हा वाचले.

"बाई, विनिफ्रेड मनेली, जन्म चार मे एकोणीसशे अकरा. या अठरा वर्षांपूर्वीच अमेरिकेला गेल्यात. तिथल्या नागरिक आहेत. मग तुम्ही कोण?"

उत्तर माझ्या जिभेवर होते. एक वाक्य बोलले असते, की सबायनाला दोन पोरांसकट घरातून उचलून बोटीवर घातले असते. मी म्हटले की माझी चूक झाली, मी त्यांची चुलत बहीण. तो माझ्यामागे जिन्यापर्यंत धावत आला, छत्री विसरले होते ती द्यायला.

मी सबायनाला सगळे लिहिले. तिचे उत्तर वकील टूमींकडे ठेवले आहे. तिने लिहिले होते, "तू माझ्या नावाने ये ना. माझा दाखला घरातच आहे. नाव काय, कोटासारखं असतं, ऊब मिळाल्याशी कारण." मी जन्मभर कोट शिवले आहेत. दुसऱ्याच्या मापाचा कोट कुठे काचतो, हे मला तिने शिकवायचे कारण नव्हते. मी उलट टपाली लिहिले की तुझे नाव मला नको, माझे मला दे. ते तिला देता येण्यासारखे नव्हते; तोवर ते तिच्या नवऱ्याच्या, पोरांच्या, सगळ्यांच्या कागदांवर चढले होते. मथायसने दोन वर्षे वाट पाहिली आणि काउंटी केरीच्या एका बाईशी लग्न केले. त्या दाखल्यावर मी गेले असते तर आज माझे नाव मिसेस रुएन असते. हट्ट माझा होता. त्याचा दोष मी कोणावर टाकत नाही, फक्त सबायनावर टाकते.

कलम ४. भाचा डेस्मंड याच्याबद्दल.

हा १९७१ पासून दर ऑगस्टात येतो. पहिल्या खेपेआधी सबायनाचे पत्र आले की मुलाला काही माहीत नाही, त्याच्यासमोर तू सबायना हो. मी झाले. सगळी वाडीही त्याच्यासमोर मला सबायनाच म्हणते, आणि त्यात त्यांची दोन आठवडे चांगली करमणूक होते. एकोणीस उन्हाळे मी माझ्याच स्वयंपाकघरात बहिणीच्या नावाला ओ दिली आहे.

डेस्मंड भाड्याच्या गाडीतून उतरतो, लोकरी टोपी घालतो आणि किनाऱ्यावर छातीला हात लावून उभा राहतो. इथली माती बरणीत भरून नेतो. आमचे पूर्वज उपाशी मेले, याचा त्याला फार अभिमान. मी विजेची शेगडी घेतली तेव्हा तो हळहळला, म्हणाला, "मावशी, जुनं होतं तेच खरं होतं." त्या जुन्या चुलीसाठी दलदलीतून टर्फ, म्हणजे जळणाच्या मातीच्या वाळवलेल्या विटा, पाठीवर वाहून आणाव्या लागत. ते खरेपण मी त्याला द्यायला तयार होते. तो म्हणाला, पाठ दुखते.

गेल्या ऑगस्टात तो जेवायला बसला होता. शेजारच्या केरी कुटुंबातली असम्प्टा मला वाढू लागायला आली होती. वय बावीस, शिकलेली, आणि इथे काम नाही. बोलता बोलता तिने सांगितले की ऑक्टोबरात ती बॉस्टनला जाणार, फिरायला म्हणून, आणि तिथेच पोरे सांभाळायचे काम धरणार. डेस्मंडने काटा खाली ठेवला.

"असे चोरून राहणारे लोक आम्हाला बट्टा लावतात," तो म्हणाला. "माझी आई गेली ती रीतसर. स्वतःच्या नावाचे कागद घेऊन, रांगेत उभी राहून. तुमच्यासारख्यांची नावं खरं तर वरती कळवायला हवीत."

असम्प्टाला सगळे ठाऊक होते. वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एका वाक्यात तिला त्याचे तोंड बंद करता आले असते. तिने माझ्याकडे पाहिले. मी काय केले? मी म्हटले, "डेस्मंड, बटाटे घे." असम्प्टाने ताटे उचलली आणि आत गेली. तिने ते वाक्य गिळले, ते माझ्यासाठी. मी गिळले, ते कोणासाठी, याचा मी हिवाळाभर विचार केला. अठराव्या वर्षी घसा सुजला होता, हे कारण चालून गेले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी चालत नाही.

जेवण झाल्यावर डेस्मंडने नकाशे पसरले. मी गेल्यावर या घरात तो पाहुण्यांसाठी बंगली करणार आहे. दारावर पाटी लागणार, "विनिफ्रेडचे घर". त्या विनिफ्रेडला कुठे निजवायचे, हे नकाशात नव्हते.

कलम ५. घर, मागची चार एकर जमीन आणि दलदलीतला टर्फ कापायचा हक्क.

हे सर्व मी असम्प्टा केरी हिला देते. अट कोणतीही नाही. ती सध्या बॉस्टनला कोणाची तरी जुळी सांभाळते. जानेवारीत तिचा बाप वारला, पण ती येऊ शकली नाही. आली असती तर तिला परत आत घेतले नसते. तिने परत यावे, न यावे, घर विकावे, छप्पर कोसळू द्यावे. आईचे छप्पर आहे, कोसळले तर माझी हरकत नाही. फक्त परत यावेसे वाटले तर दार आपल्या नावाचे आहे, एवढे तिला माहीत असावे. टपाल कचेरीतल्या पैशातून माझे दफन करावे आणि उरतील ते तिला पाठवावेत.

डेस्मंडने या कलमावर वाद घातला, किंवा असम्प्टाचे नाव वरती कुठे कळवले, तर टूमींनी सबायनाचे १९४७ चे पत्र भर कोर्टात मोठ्याने वाचावे. टूमींचा आवाज चांगला आहे, उपयोग कधी होत नाही.

कलम ६. शिवणयंत्र पॅडनच्या सुनेला द्यावे. या वाडीत ते मला आजवर न मागणारी ती एकटीच.

कलम ७. डेस्मंडला मी त्याच्या आईचा जन्मदाखला देते. सबायना मनेली, जन्म १९१२, न वापरलेला. तसेच आईबापाच्या दगडावरची ती सोनेरी ओळ त्याने स्वखर्चाने खरवडून काढावी. ती जागा मला लागणार आहे.

कलम ८. शेवटचे.

सबायना सत्तावन्न वर्षांत एकदाही परत आली नाही. तिची भरभराट झाली म्हणून ती आम्हाला विसरली, असे मी धरून चालले होते, आणि तसे धरणे मला सोयीचे होते. तिच्या पश्चात डेस्मंड आला तेव्हा याच टेबलाशी बसून म्हणाला, "मावशी, शेवटी आई भ्रमात होती. नर्स विनिफ्रेड म्हणून हाक मारायची, तर आई ओ द्यायची नाही. नुसती सबायना, सबायना करत राहायची. तुझीच आठवण काढत गेली बघ ती."

मी त्याला चहा ओतला. ती मला हाक मारत नव्हती. आपण कोण, ते सांगत होती, आणि ऐकणाऱ्यांत ते कळणारे कोणी नव्हते. कोणत्याही खिडकीशी कोणी पासपोर्ट उघडून विचारेल, "मग तुम्ही कोण?", या धास्तीने ती तिकडेच राहिली, हे मला त्या दिवशी समजले. समजून मी चार वर्षे गप्प बसले.

चार वर्षे आमच्या चर्चमध्ये डेस्मंडच्या देणगीतून विनिफ्रेडच्या आत्म्यासाठी प्रार्थना होतात. विनिफ्रेड दुसऱ्या बाकावर बसून ऐकते. सबायनाच्या वाट्याला एकही आलेली नाही. म्हणून माझ्या दफनाच्या दुसऱ्या दिवशी फादर मॅकनल्टी यांनी तिच्यासाठी वेगळी प्रार्थना करावी, सबायना मनेली या नावाने. नाव मोठ्याने घ्यावे. मागच्या बाकांवर ऐकू जाईपर्यंत घ्यावे. डेस्मंडला यायचे असल्यास यावे.

हे सर्व मी वाचून पाहिले, बरोबर आहे, आणि दोन साक्षीदारांसमोर सही करते.

विनिफ्रेड मनेली

साक्षीदार : फर्गल लॅव्हेल, डॉक्टर, बेलमलेट
साक्षीदार : ऑना गॉन, टपाल कारकून, बेलमलेट

ठिकाण : कारोगॅरिव, काउंटी मेयो
तारीख : १६ मार्च १९९०