शेजारणीच्या पातेल्याचा पंचनामा

शारजा,
१५ सप्टेंबर २०००

प्रिय नागेशराव,
सप्रेम नमस्कार.

पातेल्यात दारू नव्हती. काल संध्याकाळी आमच्या सूनबाईंनी, सुजाताने, कामावरून येऊन चपला काढायच्या आधीच हे जाहीर केलं. ती इथल्या एका सरबताच्या कारखान्यात प्रयोगशाळेत असते, त्यामुळे तिच्या शब्दावर अपील नाही. तांदूळ, जव, साखर, थोडं आलं, अल्कोहोल शून्य. वहिनींचा गुडघा कसा आहे? तुमची शुगर? माझी तब्येत उत्तम आहे, फक्त तोंड दाखवायला जागा नाही.

सोमवारी फोनवर मी तुम्हाला परदेशात हातभट्टी पकडल्याचं सांगितलं, तेव्हा आवाज जरा चढा लागला होता. आता खालच्या पट्टीत सगळं सांगतो. आमच्या शेजारी बेक नावाचं कोरियन कुटुंब राहतं. बेकसाहेब समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्रकल्पावर इंजिनिअर आहेत. त्यांच्या आईला आमची नात दिया ‘हल्मोनी’ म्हणते, म्हणून मीही आल्यापासून त्यांना मिसेस हल्मोनी म्हणत होतो. (हल्मोनी म्हणजे आजी. म्हणजे मी त्यांना रोज ‘सौभाग्यवती आजी’ अशी हाक मारत होतो आणि त्या प्रत्येक वेळी कमरेत वाकून नमस्कार करत होत्या.) दिया शाळेतून आली की त्यांच्याकडेच. तिथे साध्या पाण्याच्या जागी भाजलेल्या जवाचं पाणी असतं, लिंबासारख्या फळाचा मुरंबा गरम पाण्यात ढवळून त्याला चहा म्हणतात, आणि आलं-दालचिनीचा काढा गार करून त्यात सुकं फळ सोडतात. तेव्हापासून ही सात वर्षांची कार्टी आमच्या कोकम सरबताला नाक मुरडते.

रविवारी मी तिला आणायला गेलो, तर हल्मोनी मोड आणून वाळवलेल्या जवाची पूड पाण्यात कुस्करत होत्या. नागेशराव, दारूबंदी खात्यात जन्म काढलेल्या माणसाने मोडाचे जव पाहून काय समजायचं, तुम्हीच सांगा. ते पाणी गाळून त्यांनी भातावर ओतलं आणि भाताच्या कुकरात उबेला ठेवलं, शितं वर तरंगेपर्यंत. आपण ओढ्याकाठी पुरलेली पिंपं उकरायचो, त्यातलं दारूसाठी आंबवलेलं रसायन मला स्पष्ट दिसायला लागलं. (हल्मोनी पुढे ते साखर घालून चांगलं उकळतात, हे बघायला मी थांबलो नाही. तपास अर्धवट सोडायची खोड तुम्हाला माहीत आहेच.)

सोमवारी तेच पातेलं घेऊन त्या आमच्या दारात. दुसऱ्या दिवशी त्यांचा सण, फ्रिज भरलेला, तर एक रात्र तुमच्याकडे ठेवू का, असं खुणेने विचारलं. मी दोन्ही हातांनी घेतलं. सुरेश आणि सुजाता कामावर. शारजात दारूला पूर्ण बंदी, आणि मुद्देमाल आमच्या फ्रिजात. मुलाचा व्हिसा, बेकसाहेबांचा व्हिसा, दोन्ही धोक्यात. (हे कारण मला नंतर सुचलं. त्या वेळी निवृत्तीनंतर पहिल्यांदा हाताला काम लागल्याचा आनंदच होता.) खोकल्याच्या औषधाची बाटली धुऊन नमुना घेतला, दोरा बांधला, मेणबत्तीच्या मेणाने सील केलं. पंच म्हणून दियाला उभं केलं. ती म्हणाली, “आजोबा, इट्स जस्ट राइस ज्यूस. हल्मोनी विल क्राय.” पंचाला मत विचारलेलं नसतं असं तिला समजावलं, सही घेतली आणि पातेलं सिंकमध्ये ओतलं.

पुढची गोष्ट लिहायची लाज वाटते. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, एवढी रीत अजून अंगात आहे. म्हणून पातेलं घासून त्यात गणपतीतले उरलेले बेसनाचे लाडू भरले, झाकण लावलं आणि संध्याकाळी नेऊन दिलं. सणाच्या घाईत त्यांनी उघडून न पाहताच कशीबशी जागा करून ते फ्रिजात ठेवलं. मंगळवारी सकाळी त्यांच्याकडे पितरांचं पान होतं. त्या पेयातल्या शितांची त्या पानावर उजव्या बाजूला ठरलेली जागा असते. दिवंगत नवऱ्याच्या फोटोसमोर बाईंनी झाकण उघडलं, तर लाडू.

बेकसाहेबांनी हे लिफ्टमध्ये सुरेशला सांगितलं. रागावून नाही. म्हणाले, आईने लाडूच त्या जागी मांडले आणि बाबांना सांगितलं की यंदा शेजाऱ्यांकडून आलंय. नागेशराव, दोन दिवसांवर आपला पितृपक्ष आला होता आणि मी दुसऱ्याच्या पितराच्या पानातलं ओतून बसलो होतो. तरी मी कालपर्यंत “अहवाल येऊ दे” म्हणत घरात ताठ मानेने फिरलो. सुरेशने एवढंच विचारलं, “बाबा, पोलिसांना नाही ना कळवलंत?” मी म्हटलं, “फक्त नागेशरावांना.” तो म्हणाला, “खलास.”

अहवाल आल्यावर माफी मागायला गेलो. मी दोनच शब्द बोललो. दियाने त्याचं इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत बरंच लांब भाषांतर केलं, त्यात मी काय काय कबूल केलं ते मला माहीत नाही. हल्मोनींनी ऐकून घेतलं आणि कपाटातून एक डबा काढला. तिकडे आता हे पेय डब्यातही मिळतं. पेल्यात ओतून तो पेला माझ्यापुढे दोन्ही हातांनी धरला. गार, गोड पेजेसारखं लागतं. मी तळाची शितंसुद्धा सोडली नाहीत.

आपला,
विष्णू

ता. क. : पेन्शनर संघात येत्या रविवारी माझ्या कामगिरीचं अभिनंदन आणि परत आल्यावर शाल-श्रीफळ, असं तुम्ही फोनवर म्हणाला होतात. ते थांबवा. खरं तर पत्र त्यासाठीच आहे.

ता. क. २ : वर्तमानपत्राला बातमी दिली असेल, तर निदान फोटो देऊ नका.

ता. क. ३ : पुढच्या शुक्रवारी अविधवा नवमी, आमची मनोरमा गेल्यापासूनची पहिली. दियाने हे हल्मोनींना सांगितलं, आणि त्या मनोरमेसाठी आदल्या दिवशी पातेलंभर करणार आहेत. ते रात्रभर गार व्हावं लागतं. सुजाता म्हणाली, तुमच्याकडेच ठेवा, दुपारी बाबा घरात एकटे असतात. त्यावर हल्मोनींचा निरोप आलाय, पातेलं आजोबांच्याच हातात देईन.