कोतात्सूखालचे किडे

तीर्थरूप तोशिएताईस,

किनुयोचा वाकून नमस्कार. इकडे मात्सुमोतोला डोंगर पार पांढरे झालेत आणि नळ रोज सकाळी गोठतो. तुमच्या शिझुओकाला मात्र संत्र्यांवर ऊन पडलं असेल. तुझा गुडघा कसा आहे? भावजींचं पोट पुन्हा बिघडल्याचं कळलं. (त्यांना खारवलेल्या मुळ्याकडे फिरकू देऊ नकोस. ते ऐकायचे नाहीत, पण आपण सांगितलं एवढं तरी समाधान.) मी ठणठणीत आहे.

घरात मात्र किडे झालेत. म्हणजे झाले होते. म्हणजे नव्हतेच, पण ते क्रमाने सांगते.

नोव्हेंबरात कोतात्सू काढला, मेजावर गोधडी पसरली, खालची शेगडी लावून पाय आत घातले, तर चटईवर लालसर, बारीक, वाकडं असं काहीतरी सरकलं. बोट जवळ नेलं तर उडी मारून बोटालाच चिकटलं. दुसऱ्या कुणी झटकून टाकलं असतं. मला मात्र हा कोण, काय खातो, याची भलतीच उत्सुकता लागली. शेगडी लावली की किडे हलतात, बंद केली की निपचित पडतात, हे मी तीन दिवस पाहून वहीत टिपलं. (थंडीत मीही तेच करते, त्यामुळे थोडी आपुलकी वाटू लागली होती.) कौतुकाने चिहारुला फोनवर सांगितलं आणि घोळ झाला. फेब्रुवारीत ती बाळंतपणाला यायची आहे ना. म्हणाली, "आई, किडे असतील तर मी बाळाला त्या घरात निजवणार नाही. इथेच राहीन." लेकीचं पहिलं बाळंतपण आणि माहेराला नकार.

मग नगरपालिकेच्या आरोग्य केंद्राची आठवण झाली. घरातला किडा नेला की तिथे ओळखून देतात. चिकटपट्टीने सात नग पकडले, पांढऱ्या कागदावर ओळीने लावले, प्रत्येकाखाली तारीख, जागा आणि स्वभाव लिहिला (चपळ, आळशी, बहुधा मादी) आणि कागद रुमालात बांधून निघाले. तिथले कुरेबायाशीसाहेब फार सज्जन. कागद दोन्ही हातांनी घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक नग सावकाश पाहिला. सहा नग लोकरीचे धागे निघाले. बहुधा मादी म्हणजे गोधडीच्या अस्तराचा दोरा. मी म्हटलं, अहो पण ते उडी मारतात. तर म्हणाले, कोरड्या हवेत लोकरीला वीज चढते म्हणून चिकटतात, आणि शेगडीच्या गरम हवेने हलतात. मलाही पाहू दिलं. एवढासा धागा, पण त्यावर माशासारखे खवले असतात, तुला माहीत होतं? मी इतका वेळ डोळा लावून बसले की मागे रांग लागली.

घरी येऊन झाडलं, पुसलं, तर आणखी पाच दिसले. ते घेऊन पुन्हा गेले, तर तेही धागे. तिसऱ्यांदा गेले तेव्हा साहेबांनी शिक्का मारून लिहूनच दिलं की आणलेल्या नमुन्यांत एकही किडा नाही. तो कागद चिहारुला पाठवला. ती येतेय. मी सुखात आहे.

तुझी,
किनुयो

ता. क. संत्री पाठवलीस तर छोटी पाठव, ती गोड असतात.

आणखी ता. क. हे वर लिहिणार होते, पण हात धजला नाही. तिसऱ्या भेटीत साहेबांनी माझ्यापुढे दोन कागद ठेवले, एकावर धागा आणि एकावर खरा मेलेला किडा, आणि किडा कोणता ते विचारलं. मी धाग्यावर बोट ठेवलं. ते हसले नाहीत. "बाई, डोळे शेवटचे कधी तपासले होते?" एवढंच विचारलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आहे ती मार्चमधली, आणि बाळ त्याआधी येणार. अंघोळीच्या पाण्यात ते इवलंसं अंग एकटीने धरायची माझी हिंमत नाही. तू महिनाभर येशील का? गुडघ्यासाठी उंच पाट करून ठेवते. तुझा होकार आला की चिहारुला मी स्वतःच सांगेन. तोवर तिला काही बोलू नकोस, तिला वाटतंय की आता या घरात भिण्यासारखं काही नाही.