चार वाजताचा दाब

ती. दाजींना नमस्कार.

आज १४ मार्च, सकाळचे सव्वाअकरा. समुद्रातल्या तेलविहिरीवरून माझी किनाऱ्यावर बदली झाली, म्हणून सामान बांधत होतो. त्यात त्या दिवसाच्या दाबाच्या नोंदवहीची कार्बन प्रत सापडली.

त्या दिवशी वारा फार होता. दर तासाला पाइपचा दाब बघायला शिडीने खाली उतरावं लागतं, म्हणून मी तीन वाजताचाच आकडा चार वाजताच्या रकान्यात लिहिला. सगळेच तसं करायचे. पाच वाजता झडप उघडण्याआधी तुम्ही विचारलंत, "काय मेव्हणेबुवा, चारचा दाब बघितलात ना? की नुसताच चहा?"

"बघितला, दाजी."

खाली उतरलो असतो, तर दाबाचा काटा खाली आलेला दिसला असता. पाइप आधीच फुटला होता. तुम्ही झडप उघडलीत आणि समुद्रभर तेल पसरलं.

चौकशीत साहेब म्हणाले, "वहीत एक खाडाखोड नाही. दाब बरोबर होता, म्हणजे चूक झडप उघडणाऱ्याची." तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत आणि जबाबावर सही केलीत.

ताई म्हणते, "तू तरी टिकलास, यांना तेवढंच समाधान."

हे चौथं पत्र. आधीची तीन टपालात टाकली नाहीत.

खर्च: चार पाकिटं, चार तिकिटं, चाळीस रुपये.
देणं: तुमची नोकरी.

तुमचा मेव्हणा